गाठीतून उभे राहिलेले शिल्प
मृणालिनी मुखर्जी यांच्या तंतुशिल्पांची प्रस्तावना

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांची सर्वांत परिचित शिल्पे दोराची आहेत. ती दगड फोडून, लाकूड तासून किंवा साच्यात माती दाबून घडलेली नाहीत. रंगवलेल्या दोराला हाताने एकामागून एक गाठी मारत ती वाढत गेली आणि त्यांतली अनेक माणसाच्या उंचीपर्यंत किंवा तिच्याही वर पोचली. घड्या, पाकळ्या, ओठ, फणा, मखर, गाभारा असे अनेक आकार त्यांत एकाच वेळी दिसतात आणि पाहणारा एका जागी थांबला तर त्यांतला एकच हाती लागतो. इंग्रजी सूचींत या साहित्याची नोंद ‘हेम्प’ अशी असते. मराठी वाचकाने अंबाडी, ताग किंवा घायपात भिजवून-झोडपून निघणारा वाख आणि त्याला पीळ देऊन वळलेला दोर डोळ्यांसमोर आणला तर या शिल्पांचा पोत ओळखीचा वाटेल. गुराचे दावे, बैलाचा कासरा, विहिरीवरचा सोल आणि स्वयंपाकघरातले शिंके याच घराण्यातले. या दोराला शिल्पकलेच्या दालनात स्थान मिळवून देणे हे मुखर्जी यांचे मुख्य काम होते. ते कसे झाले हे समजून घ्यायचे तर सुरुवात गाठीपासून करावी लागते.

तंतूपासून आकार करण्याच्या ज्या जुन्या रीती आहेत त्यांत विणणे आणि गाठणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. विणायला माग लागतो. आधी ताणा ताणून बसवायचा, मग त्यातून बाणा खेळवायचा. त्यामुळे मागाची रुंदी हीच कापडाची मर्यादा ठरते आणि कापड सपाट निघते. गाठीला माग लागत नाही. दोन हात, दोर आणि तो टांगायला एखादी दांडी एवढ्यावर काम सुरू होते. या तंत्रातली मूळची गाठ साधी आहे. एक दोर आडवा धरायचा आणि वरून लोंबणाऱ्या प्रत्येक उभ्या दोराने त्याला दोनदा वेढा घ्यायचा. वेढा ओढून घट्ट केला की आडवा दोर झाकला जातो आणि त्यावर दोन मण्यांसारखे उंचवटे उरतात. असे ओळीने सगळे दोर घेतले की उठावाची एक रेघ तयार होते. आडवा दोर तिरका धरला तर रेघ तिरकी चालते, वळवला तर वळते. मधे नवे दोर घातले की पृष्ठभाग फुगतो, दोर सोडत गेले की निमुळता होतो. ओढ घट्ट ठेवली तर भिंत ताठ राहते, सैल ठेवली तर ती झुकते आणि पडद्यासारखी लोंबते.

म्हणजे या कामात आधी आकार आणि मग त्यावर नक्षी असा क्रम नसतो. गाठ हीच वीट, गाठ हाच चुना आणि गाठ हीच नक्षी. काही शिल्पांना धातूचा आधार दिलेला असतो, काही वरून टांगलेली असतात. पण डोळ्यांना दिसणारा प्रत्येक फुगवटा आणि प्रत्येक खळगा गाठींच्या हिशेबातून आलेला असतो. मराठीत सुरगाठ म्हणजे ओढताच सुटणारी आणि निरगाठ म्हणजे न सुटणारी. मुखर्जी यांचे काम निरगाठीचे आहे. हजारो गाठी झाल्यावर खाली चूक दिसली तर वरपर्यंत उसवत जावे लागते. मातीचा गोळा पुन्हा मळता येतो, तशी ही सवलत नाही. तरीही मुखर्जी आधी रेखाटन किंवा छोटी प्रतिकृती करत नसत. मनात एक ढोबळ आकार धरून काम सुरू होई आणि पुढचा निर्णय आधीच्या गाठीवरून घेतला जाई. मोठ्या शिल्पाला कित्येक महिने लागत, त्यामुळे ही शिल्पे संख्येने मोजकीच राहिली.

मृणालिनी यांचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला, पण वाढल्या त्या डेहराडूनला, आणि सुट्ट्यांत शांतिनिकेतनला. दोन्ही ठिकाणांचा संबंध आई-वडिलांशी आहे. वडील बिनोदबिहारी मुखर्जी हे नंदलाल बोस यांचे शिष्य आणि शांतिनिकेतनमधले थोर चित्रकार. तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर १९४६–४७ मध्ये त्यांनी काढलेले मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र आधुनिक भारतीय कलेतले महत्त्वाचे काम मानले जाते. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती आणि १९५७ मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी काम सोडले नाही. कागद कापून चिकटवलेली चित्रे आणि हाताने घडवलेल्या छोट्या आकृती ते बोटांच्या स्पर्शावर करत राहिले. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. आई लीला मुखर्जी याही शांतिनिकेतनच्या विद्यार्थिनी. त्या शिल्पकार होत्या, लाकूड कोरत, आणि डेहराडूनला शाळेत कला शिकवत. घरातली एक व्यक्ती स्पर्शाने पाहणारी आणि दुसरी छिन्नीने लाकूड उघडणारी, अशा वातावरणात ही एकुलती एक मुलगी वाढली. डेहराडूनच्या टेकड्या आणि शांतिनिकेतनची झाडे-झुडपे यांचा ठसा पुढच्या शिल्पांवर स्पष्ट आहे. त्यांतल्या बहुतेक आकृतींचे मूळ कुठे ना कुठे वनस्पतीत सापडते.

१९६५ मध्ये त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत दाखल झाल्या. त्यांनी पदवी घेतली ती चित्रकलेत. शिल्पकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पदवीनंतर १९७० ते १९७२ या काळात त्यांनी के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिकलेचा पदव्युत्तर अभ्यास केला, आणि दोर हाती आला तो इथे. सुब्रमण्यन हेही शांतिनिकेतनचे आणि बिनोदबिहारींचे विद्यार्थी. कारागिरी खालची आणि कला वरची ही उतरंड त्यांना मान्य नव्हती. १९५९ ते १९६१ या काळात ते मुंबईत हातमाग मंडळाच्या विणकर सेवा केंद्रात होते. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या केंद्रांत चित्रकार आणि विणकर एकाच छताखाली काम करत. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या मराठी चित्रकारानेही नोकरीची वर्षे याच केंद्रांत काढली. बडोद्यात सुब्रमण्यन विद्यार्थ्यांना माती, काच, दोर, कापड असे हाताशी येईल ते साहित्य वापरून पाहायला लावत. ललितकला विद्याशाखेच्या जत्रेत शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी व सजावटीच्या वस्तू बनवून विकत. या वातावरणात दोरकाम हा चेष्टेचा विषय नव्हता. भित्तिकलेचा अभ्यासही उपयोगी पडला. भिंतीवरचे काम इमारतीच्या मापाने विचार करायला शिकवते, आणि मुखर्जी यांच्या दोराचे माप पहिल्यापासूनच टेबलावरच्या वस्तूचे नव्हते.

१९७२ मध्ये दिल्लीच्या श्रीधराणी कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी दिल्लीतच काढले. सुरुवातीची कामे भिंतीला लागून होती. पानांच्या आणि प्राण्यांच्या आकारांचे लोंबते उठाव असे त्यांचे रूप होते आणि दोराचा रंग बराचसा मूळचाच. मग काम भिंतीपासून सुटले. आधी ते छतापासून टांगले गेले, नंतर जमिनीवर उभे राहिले. १९७८ मध्ये ब्रिटिश कौन्सिलची शिष्यवृत्ती घेऊन त्या इंग्लंडमध्ये फार्नम येथील वेस्ट सरी कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनमध्ये शिल्पकलेचे काम करायला गेल्या. तिथून परतल्यानंतरच्या काळात ‘नागदेवता’ (१९७९) हे शिल्प आले आणि आकृतींना देवतांची नावे मिळू लागली.

या वर्षांत जगात इतरत्रही तंतू भिंतीवरून खाली उतरत होता. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात १९६२ पासून टॅपेस्ट्रीची (भिंतीवर टांगायच्या विणलेल्या वस्त्रांची) आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिकी भरू लागली होती. पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविच यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिसलच्या दोरखंडांतून विणलेली अवाढव्य शिल्पे टांगली. ती त्यांच्याच नावावरून ‘अबाकान’ म्हणून ओळखली जातात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६९ मध्ये ‘वॉल हँगिंग्ज’ हे प्रदर्शन भरवले. तरीही टीकाकारांचा मूळ आक्षेप तसाच राहिला: हे काम सजावटीचे आहे, शिल्प म्हणावे एवढे नाही. मुखर्जी यांची शिल्पे पुढे या चळवळीशेजारी ठेवून पाहिली गेली, पण दोन्हींचे मूळ वेगळे आहे. युरोप-अमेरिकेतल्या कलावंतांना टॅपेस्ट्रीच्या प्रतिष्ठित परंपरेतून बाहेर पडायचे होते. मुखर्जी यांच्यासमोर तशी परंपरा नव्हती. समोर होता बाजारात वजनावर मिळणारा दोर आणि गुरूने दिलेली मोकळीक. शिवाय त्या विणत नव्हत्या, गाठत होत्या.

भारतातही एक जवळचे पण वेगळे उदाहरण आहे ते मुंबईतल्या मोनिका कोरिया यांचे. त्या मागावर काम करतात. मागाची फणी धागे सरळ आणि समांतर ठेवते. कोरिया विणता विणता ती काढून घेतात आणि धाग्यांना मोकळे सरकू देतात. मागाच्या शिस्तीत राहून ती शिस्त मोडणे हा त्यांचा मार्ग, तर मुखर्जी यांनी माग घेतलाच नाही. दोघींची तुलना केली की तंतुकला हा एकच प्रकार नसून साहित्य आणि अवजार यांच्याशी बांधलेल्या वेगवेगळ्या विचारांचा समूह आहे हे लक्षात येते.

१९८०चे दशक हा मुखर्जी यांच्या दोरशिल्पांचा भराचा काळ आहे. ‘श्री’, ‘देवी’ आणि ‘रुद्र’ ही तिन्ही १९८२ची. ‘यक्षी’ आणि ‘बसंती’ १९८४ची. पुढच्या दशकात ‘पुष्प’ (१९९३), ‘वनश्री’ (१९९४), ‘अरण्यानी’ (१९९६) ही आली. नावे वाचून मूर्तिशास्त्रातली लक्षणे शोधायला गेले तर निराशा होते. ‘रुद्र’च्या हाती आयुध नाही, ‘श्री’जवळ कमळ नाही. मुखर्जी यांनीही आपल्या देवतांचा ग्रंथांतल्या देवांशी संबंध नसल्याचे सांगितले होते. गाभाऱ्याच्या अंधारात शिरल्यावर जो दरारा वाटतो तो त्यांना हवा होता. नावे बहुधा शिल्प झाल्यावर चिकटत. यक्ष-यक्षी, नाग आणि वनदेवता यांचे स्थान मुळातच झाडाखाली आणि पाणवठ्यावर असते, आणि झाड, बाई आणि देव यांच्यातली सीमा तिथे पुसट असते. महाराष्ट्रातल्या देवराईत शेंदूर फासलेला तांदळा पाहिलेल्या माणसाला या गोष्टीचे स्पष्टीकरण लागत नाही. चेहरा नसलेल्या दगडात देव पाहण्याची सवय असेल तर चेहरा नसलेल्या दोरात तो दिसायला वेळ लागत नाही.

या शिल्पांत कामुकताही उघड आहे. फुलाचा आतला भाग हे वनस्पतीचे जननेंद्रिय असते हे सत्य मुखर्जी झाकत नाहीत. पाकळ्यांच्या घड्या ओठांसारख्या उघडतात, केसर ताठ बाहेर येतो, मधे अंधारी पोकळी असते. २००० सालच्या एका शिल्पाचे नाव ‘जौबा’. बंगालीत जबा म्हणजे जास्वंद. हे शिल्प आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. जास्वंदीचे फूल हातात घेऊन पाहिले की पाच पाकळ्यांच्या मधून बाहेर आलेला परागांचा लांब दांडा दिसतो. नर आणि मादी असे दोन्ही भाग त्या एकाच दांड्यावर असतात. मुखर्जी यांच्या फुलांतही बाई आणि पुरुष असे दोन वेगळे रकाने पाडता येत नाहीत.

रंगाचा वापरही आकार घडवण्यासाठीच होतो. दोर आधी रंगवून घेतला जाई आणि मग गाठला जाई. त्यामुळे रंग पृष्ठभागावर बसलेला नसतो. तो आकाराबरोबरच वाढतो. हळदी, तपकिरी, जांभळा, गर्द हिरवा, कुंकवाचा लाल असे रंग एकेका शिल्पात दोन-तीनच असतात. एका रंगाचे दोर संपून दुसऱ्याचे सुरू होतात तिथे घडीचे अस्तर दिसल्याचा भास होतो. शिवाय गाठींच्या उंचवट्यांमुळे प्रत्येक रंगाला स्वतःची सावली मिळते. दुरून हे मखमलीसारखे मऊ दिसते. जवळ गेल्यावर खरखरीत पीळ आणि बाहेर आलेले केस दिसतात. दुरून राजस आणि जवळून राकट, हा अनुभव छायाचित्रात मिळत नाही.

या कामाला मान्यता सावकाश मिळाली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत दोराला गाठी मारून कुंड्यांची शिंकी आणि भिंतीवरची तोरणे करण्याचा ‘मॅक्रमे’ हा छंद घरोघर पोचला होता. त्यामुळे दोराचे शिल्प पाहताच अनेकांना आधी तो छंद आठवे. दुसरीकडे, त्या काळातल्या भारतीय कलाचर्चेत कथनात्मक चित्रकलेचा बोलबाला होता. कथा न सांगणारी, कुठलाच घोष न करणारी ही शिल्पे त्या चर्चेत नीट बसत नव्हती. त्यांना हस्तकला म्हणावे तर ती कोणत्याच पारंपरिक कारागिरीची नक्कल नव्हती. शिल्पकला म्हणावे तर त्यात ना कोरीव काम होते ना ओतकाम. १९८६ मध्ये सिडनीच्या द्वैवार्षिकीत ती दिसली. १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे एकल प्रदर्शन भरवले. परदेशी संग्रहालयाने त्यांच्या दोरशिल्पांची इतकी सविस्तर दखल घेण्याची ही पहिली मोठी वेळ.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या नेदरलँड्समधल्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये गेल्या आणि माती हाताळू लागल्या. ‘नाइट ब्लूम’ (१९९९–२०००) या मालिकेतली भाजलेल्या मातीची शिल्पे दोराच्या घड्यांची आठवण करून देतात. मातीच्या पट्ट्या गुंडाळून, दुमडून ती रचलेली आहेत. २००० नंतर त्या कांस्याकडे वळल्या. मेण हाताने घडवायचे, त्यावर मातीचा थर देऊन भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि रिकाम्या जागेत धातू ओतायचा, ही चोळकालीन मूर्तींसाठीही वापरलेली जुनी रीत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतली ‘पामस्केप’ ही कांस्यमालिका ताडा-माडाच्या पोयीसारखी, चिरलेल्या झावळीसारखी दिसते. दोरात मऊ साहित्याला ताठ उभे केले होते. कांस्यात कठीण धातूला कोंभासारखे कोवळे केले. साहित्य दोनदा बदलले, पण उमलण्याच्या आणि सुकण्याच्या मधल्या क्षणावरची नजर बदलली नाही.

जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘ट्रान्सफिगरेशन्स’ हे त्यांच्या सर्व कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन पीटर नेगी यांनी मांडले. प्रदर्शनाच्या सुमारास मुखर्जी आजारी पडल्या आणि फेब्रुवारीत, प्रदर्शन चालू असतानाच त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या दशकात त्यांची कीर्ती जिवंतपणी होती त्याहून कितीतरी दूर पसरली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये शनय झवेरी यांनी ‘फेनॉमेनल नेचर’ हे मोठे प्रदर्शन भरवले. २०२२च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांची दोरशिल्पे मुख्य प्रदर्शनात होती. २०२५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीने त्यांच्यासोबत बिनोदबिहारी, लीला, सुब्रमण्यन आणि समकालीन मित्र-कलावंत यांना एकत्र मांडले. लंडनचे हे प्रदर्शन इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे, कारण एकाकी प्रतिभेच्या गोष्टीऐवजी त्याने घर, गुरू आणि स्नेही यांचे जाळे दाखवले.

अशी शिल्पे मांडणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. दगडी मूर्ती चौथऱ्यावर ठेवली की काम संपते. दोराचे शिल्प टांगले की त्याचे वजन खाली उतरते, घड्या पडतात, आणि आधाराचा बिंदू थोडा सरकला तरी चेहरामोहरा बदलतो. प्रवासासाठी ते पेटीत घातले की आकार दबतो. दालनात आल्यावर घड्या हाताने पुन्हा उचलून बसवाव्या लागतात. त्यामुळे जुनी छायाचित्रे आणि मांडणीच्या नोंदी या शिल्पाचाच भाग ठरतात. वनस्पतिजन्य तंतू दमट हवेत फुगतो, कोरड्यात ठिसूळ होतो. त्यात धूळ अडकते, कसर लागते, आणि उजेडाने रंग उडतो. म्हणूनच संग्रहालये वस्त्रांसाठी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत ठेवतात. हा मंद उजेड जपणुकीसाठी असला तरी या शिल्पांना मानवतो; देवळाच्या गाभाऱ्यातही उजेड मंदच असतो.

आज भारतात तंतू, वेत, कापड, भरतकाम यांतून शिल्पे आणि मांडणशिल्पे करणारे कलावंत बरेच आहेत. मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांनी वेतापासून अंगावर चढवता येणारी चिलखते केली. ती शरीराचे रक्षणही करतात आणि त्याला पिंजऱ्यातही घालतात. अशा कामाला आज कोणी ‘हे शिल्प आहे का’ असे विचारत नाही. १९७२ मध्ये तो प्रश्न विचारला जात होता, आणि मुखर्जी यांनी त्याला वादातून उत्तर दिले नाही, कामातून दिले. संग्रहालयात शिल्पाशेजारी एक छोटी पाटी असते: कलावंताचे नाव, शिल्पाचे नाव, साल आणि साहित्य. ‘कांस्य’, ‘संगमरवर’, ‘सागवान’ या शब्दांच्या रांगेत आता ‘दोर’ हा शब्दही बसतो आणि वाचणारा तिथे अडखळत नाही.